पाचोडच्या शाळूत उतरलेलं विमान

शंतनू देवगावकरला कुणी विचारलं की हा विमानांचा नाद कुठून लागला, तर तो एक ठरलेली गोष्ट सांगायचा. तो सहा वर्षांचा होता. वडील, केशव गुरुजी, पाचोडच्या शाळेत शिकवायचे. थंडीचे दिवस होते. एका सकाळी गावात ओरड उठली की शिवारात विमान पडलं. गुरुजींनी शाळा सोडून दिली, शंतनूला खांद्यावर घेतलं आणि सगळ्या गावाबरोबर तेही निघाले. खांद्यावरून पडू नये म्हणून शंतनूनं वडिलांचे दोन्ही कान धरून ठेवले होते. कान गार पडले होते. आणि मग ते दिसलं. उभ्या शाळूत, नाक बांधात खुपसून, शेपूट वर करून बसलेलं पिवळंधमक विमान.

"त्या दिवसापासून जे डोक्यात बसलं ते बसलंच," असं म्हणून तो गोष्ट संपवायचा.

आता तो एक्कावन्न वर्षांचा होता. चिकलठाणा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ब्रेकचे सुटे भाग तपासण्याचं काम करत होता. मुकुंदवाडीतल्या त्याच्या फ्लॅटची मागची खोली विमानांची होती. भिंतीला काचेची कपाटं, त्यात बांधून झालेली एकशे बारा विमानं, आणि पलंगाखाली अजून न उघडलेली साठ-एक खोकी. त्या खोक्यांपायी सावनीच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, हिवाळी रजया माळ्यावर गेल्या होत्या. तिनं त्याबद्दल एकदाच तक्रार केली, नंतर सोडून दिलं.

खोक्यातले प्लास्टिकचे तुकडे काढायचे, चित्र बघून चिकटवायचे आणि रंग द्यायचा, एवढ्यावर शंतनूचं समाधान होत नसे. विकतच्या किटमधलं विमान हे कुठलंही विमान असतं, त्याला एखादं ठरावीक विमान हवं असायचं. मग तो पंख कापून पुन्हा बसवायचा, टेलिफोनच्या जुन्या केबलमधल्या तारा काढून इंजिनात घालायचा, गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटाची चांदी कापून वैमानिकाच्या खुर्चीचे पट्टे करायचा. शेपटावरचा नंबर तो भिंगाखाली, एका केसाच्या ब्रशनं लिहायचा.

शहरात असा नाद असलेले आठ जण होते. दर जानेवारीत ते सिडकोतल्या एका सभागृहात प्रदर्शन भरवायचे. या वर्षी त्यांनी विषय ठरवला: मी पाहिलेलं पहिलं विमान. शंतनूला वाटलं, हा विषय आपल्यासाठीच काढलाय.

ऑक्टोबरात त्याने काम सुरू केलं. त्या काळी फ्लाइंग क्लबांमध्ये शिकणाऱ्या पोरांना 'पुष्पक' नावाचं आपल्याकडचं छोटं विमान द्यायचे, तेच असणार असा त्याचा अंदाज होता. पुष्पकचं किट कुठे मिळेना, म्हणून त्याने खऱ्या विमानाच्या अठ्ठेचाळीसाव्या हिश्शाचं एक परदेशी किट घेतलं. त्यातलं विमान दिसायला पुष्पकसारखंच, पण बसायच्या जागा एकामागे एक. पुष्पकमध्ये दोघं शेजारी-शेजारी बसतात. म्हणून त्याने धड मधोमध उभं चिरलं, आत प्लास्टिकच्या पातळ पट्ट्या घातल्या आणि ते रुंद केलं. पिवळ्या रंगाच्या तीन छटा करून बघितल्या.

आठ जणांमधला संघपाल एका कॉलेजात फिजिक्स शिकवायचा. शंतनूपेक्षा पंधरा वर्षांनी लहान, पण डोकं फार चिकित्सक. एका संध्याकाळी तो काम बघायला आला. चिरून जोडलेलं धड त्याने बराच वेळ हातात फिरवलं.

"सर, काम एक नंबर झालंय," तो म्हणाला. "पण पुष्पकच होतं कशावरून?"

"तेव्हा दुसरं काय असणार?"

"फवारणीचं विमान असू शकतं ना. बसंत. ते पण आपल्याकडंच बनायचं. तुम्ही पिवळं म्हणता, आणि फवारणीची विमानं बऱ्याचदा पिवळी असतात, म्हणून मला शंका आली. साधी गोष्ट आहे, बसंतचे पंख खाली असतात, पोटाला लागून. पुष्पकचे वर, डोक्यावर छपरासारखे. तुम्ही तर पाहिलंय. पंख वर होते की खाली?"

शंतनूनं डोळे मिटले. शाळू दिसला. शेपूट दिसलं. पिवळा रंग तर इतका लख्ख की हात लावावा. पण पंख दिसेनात. ते वर आहेत असं मनात आणलं की वर दिसायचे, खाली म्हटलं की खाली.

"आठवत नाही," तो म्हणाला.

"सहा वर्षांचे होतात सर तुम्ही," संघपाल समजुतीनं म्हणाला. "दुसऱ्या कुणाला विचारा ना."

विचारायला थोरली बहीण कालिंदीताईच उरली होती. आई-वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. ताई गारखेड्याला राहायची. दुसऱ्याच दिवशी, शनिवारी दुपारी, शंतनू तिच्याकडे गेला. दिवाळी आठ दिवसांवर होती आणि ती चकलीची भाजणी भाजत होती. त्याने स्वयंपाकघराच्या दारात उभ्या उभ्याच विचारलं.

"ताई, ते पाचोडला विमान पडलं होतं ना, त्याचे पंख वर होते की खाली?"

"वर," ताई लगेच म्हणाली. "पंखाखाली माणसं उभी होती की उन्हाला. एक जण तर खाली बसून विडी ओढत होता, बाबा त्याच्यावर ओरडले, अरे पेट्रोल असेल म्हणून."

शंतनूला इतकं हायसं वाटलं की तो हसायलाच लागला. "बघ. आणि मला हे आठवत कसं नाही? मी तर बाबांच्या खांद्यावर होतो, सगळ्यांत उंच."

ताईचं उलथनं थांबलं. "तू?"

"हो. मग?"

"तू नव्हतास रे तिथं. तुला गोवर निघाला होता. आई तुला घेऊन दार लावून बसली होती. खांद्यावर मी होते."

"काहीतरीच काय! नऊ वर्षांची घोडी तू, बाबा तुला खांद्यावर घेतील?"

"गर्दीत मला दिसेना म्हणून घेतलं. थोडाच वेळ."

"बाबांचे कान धरले होते मी. गार होते."

"गार होते खरे," ताई म्हणाली. "पण ते मी धरले होते. घरी आल्यावर तुला सगळं सांगितलं. तू रोज सांगायला लावायचास. मी कंटाळायचे, तरी सोडायचा नाहीस. कानाचं पण मीच सांगितलं असणार."

तिच्या चेहऱ्यावर काही चेष्टा नव्हती.

"आणि पिवळा रंग?" त्याने विचारलं.

"पिवळं कुठलं? लाल होतं ते. लालबुंद." मग तिला कढईतून करपल्याचा वास आला आणि ती घाईनं वळली. "अरे देवा, बघ तुझ्या विमानापायी."

घरी येऊन तो मागच्या खोलीत बसला. विमान समोर होतं, पंखाविना. पंख वर, हे कळलं होतं. तेच विचारायला तर तो गेला होता. पण आपण तिथं नव्हतोच, हे घेऊन तो परत आला होता आणि त्याचं काय करायचं ते त्याला समजत नव्हतं. सगळ्यांत विचित्र म्हणजे, ताईनं सांगितल्यावरही ते चित्र पुसट झालं नाही. शाळू, शेपूट, कानांचा गारवा, सगळं होतं तसंच होतं. कारखान्यात तो तीन मायक्रॉनचा फरक पकडून माल परत पाठवायचा. इथं मात्र पूर्ण विमान खरं की खोटं ते त्याला कळत नव्हतं.

"पाहिलं काय आणि ऐकलं काय," त्याचं सगळं ऐकून सावनी म्हणाली, "नाद तर तुझाच आहे ना?"

"तसं नाही गं."

"मग कसं?"

त्याने विमान उचललं आणि परत खाली ठेवलं. सावनीनं चहा पुढे ठेवला आणि म्हणाली, "एकदा जाऊन ये पाचोडला. तसाही तू इथं नसल्यासारखाच आहेस."

दिवाळी झाल्यावर एका रविवारी तो एसटीनं गेला. पाचोड सोडून त्याला चाळीस वर्षं होऊन गेली होती. स्टँडसमोर पुंजारामचं हॉटेल होतं. पुंजाराम सत्तरीचा, गल्ल्यावर बसलेला. शंतनूनं चहा घेता घेता विमानाचं काढलं.

"इमान नव्हतं ते," पुंजाराम ठामपणे म्हणाला. "हेलिकॉप्टर व्हतं. पांढरं. फवारणीला आलतं. मी सोता पायलंय."

"ते येगळं, मालक," शेजारच्या बाकावरचा एक म्हातारा म्हणाला. "ते लई मागून आलं. इमान बद्रीनाथच्या वावरात पडलं व्हतं."

"तुमी पायलं का?"

"न्हाय. मी तव्हा कारखान्यावर व्हतो. पण मला माहीत हाय."

बद्रीनाथच्या वावरात आता शाळू नव्हता, मोसंबीची बाग होती. बद्रीनाथ पंचाहत्तरीचा, बाजेवर बसला होता. केशव गुरुजींचा मुलगा आलाय हे कळल्यावर त्याने उठून शंतनूचे दोन्ही हात धरले. "गुर्जींनी रातच्या शाळंत शिकवलं म्हून सही येती बगा मला," तो म्हणाला, आणि मुलाला, गोकुळला, हाक मारून खुर्ची आणायला लावली. गोकुळ पंचेचाळिशीचा, बागेचं सगळं तोच बघायचा.

"विमान पडलं ती जागा दाखवाल का?" शंतनूनं विचारलं.

"दावतो की." बद्रीनाथ बागेत शिरला आणि एका झाडापाशी थांबला. "हितं." मग त्याने इकडेतिकडे पाहिलं. "न्हाय, हितं नसंल. बांध तव्हा तिकडं व्हता. भावाच्या वाटणीत सरकला. मंग तिकडंच असंल, त्या ईजेच्या खांबापाशी. का अलीकडं?" तो स्वतःशीच पुटपुटत उभा राहिला.

"रंग कसला होता?"

"रंग इचारू नका, रंग दावतोच तुमाला." परत येऊन त्याने मागच्या अंगणातल्या चुलीला वारा लागू नये म्हणून उभा केलेला एक वाकलेला पत्रा उचलून आणला. काजळीनं काळाठिक्कर. "ही त्याच्या नाकाडाची निशाणी. बाकीचं दुसऱ्या दिशी ट्रकात घालून नेलं त्या लोकांनी. एवढं राह्यलं."

"बाबा, ते आपल्या जुन्या कूलरचं पत्रं हाय," गोकुळ म्हणाला.

"कूलर कव्हा आला आपल्याकडं? तू उगं मधी बोलू नको."

शंतनूच्या पिशवीत थिनरची बाटली आणि कापूस होता. तो खाली बसला आणि पत्र्याचा एक कोपरा घासायला लागला. बाप-लेक दोघंही वाकून बघत होते. काजळी गेली, त्याखाली तांबूस डाग आला, आणि मग निळा रंग. पिवळा नाही, लाल नाही. निळा. शंतनूनं पत्रा उलटापालटा करून बघितला. कडेला रिव्हेट मारल्याची भोकं होती. ती विमानाची असतील. कुणी नंतर खिळ्यानं पाडली असतील. जाडी मोजली, तीही दोन्हीकडे चालेल अशीच. आणि नाक निळं असलं म्हणून अख्खं विमान निळं होतं असंही नाही.

"तुम्ही पाहिलं तेव्हा कसं दिसत होतं?" त्याने शेवटी विचारलं.

"मी?" बद्रीनाथ जरा ओशाळला. "मी त्या दिशी पैठणला व्हतो. तारीख व्हती कोर्टाची. दुसऱ्या दिशी आलो तर ट्रकात चढवलेलं, वरून ताडपत्री."

"मग पडताना कुणी पाहिलं?"

"हिनं."

त्याची बायको, लक्ष्मीबाई, दाराच्या चौकटीला टेकून मघापासून ऐकत होती. अडुसष्ट-सत्तरची, काटक. ती पुढे आली आणि शंतनूच्या समोर भुईवर बसली.

"आवाजच नव्हता, दादा," ती म्हणाली. "आवाज आला असता तर वर पायलं असतं. मी बांधाकडंला गवत कापीत व्हते. अंगावरून कायतरी गेलं, अन् शाळूची ताटं मोडल्याचा आवाज आला, कडाकडा. मी पालथी पडले. डोळं उघडलं तर एक पोरगं माझ्यामोरं उभं. माझ्या भावाएवढं, ईस-बाईस वर्साचं. एका पायात बूट, दुसरा पाय उघडा."

"तोच चालवत होता?"

"व्हय. एकलाच. 'माफ करना, माफ करना' करायला लागला. मी म्हनलं, बस बाबा. तर बसंना. मोडलेली ताटं उचलून उभी करायला लागला. एक उभं करायचा, ते पडायचं, मंग दुसरं. म्या हाताला धरून बसवलं, तांब्यानं पाणी दिलं. पिला अन् सगळं वकला. लई जिवाला लागलं बगा ते. कोण्या मायचं लेकरू."

"आणि विमान? पिवळं होतं का हो?"

लक्ष्मीबाईनं त्याच्याकडे जरा आश्चर्यानं पाहिलं. "म्या न्हाय पायलं. माझी पाठ व्हती तिकडं. मी त्या पोराकडं बघत व्हते. मंग गाव गोळा झालं, तसं सासूनं मला हाताला धरून घरी नेलं."

परतीच्या एसटीत त्याच्या मांडीवर मोसंबीची पिशवी होती. जिनं अंगावरून विमान गेलेलं अनुभवलं तिनं ते बघितलंच नाही. ताईनं बघितलं, ती लाल म्हणते. पत्रा निळा, तोही कूलरचा असू शकेल. आणि पिवळं फक्त त्याच्या डोक्यात, जो तिथं नव्हताच. मुकुंदवाडीला उतरेपर्यंत त्याने हे सगळं तीन-चार वेळा मनात मांडून पाहिलं. दर वेळी काहीतरी उरायचंच.

नंतरच्या दिवसांत त्याच्या हातून नीट काम होईना. पंख वर बसवले, एवढं एक नक्की होतं. एका रविवारी त्याने नाक निळं केलं. सोमवारी कामावरून आल्यावर पुसून काढलं. पिवळ्याची बाटली उघडून झाकण परत लावलं. शेवटी रंगाच्या आधी देतात तो करडा अस्तराचा थर देऊन त्याने विमान बाजूला ठेवलं आणि तो त्या पोराकडे वळला.

अठ्ठेचाळीसाव्या हिश्शात माणूस साडेतीन-चार सेंटिमीटरचा होतो. शंतनूनं आजवर वैमानिक फक्त खुर्चीत बसवले होते, हेल्मेट घातलेले, एकासारखा एक. हा उभा हवा होता, कमरेत वाकलेला, हातात शाळूचं ताट धरलेला. त्याने तार वाकवून सांगाडा केला आणि त्यावर पुटी चढवली. पहिला पोरगा फार शूर दिसायला लागला, तो मोडला. दुसरा म्हातारा वाटला. तिसऱ्याला तीन आठवडे लागले. शाळूची ताटं केरसुणीच्या काड्यांची केली, कणसांसाठी टोकाला डिंक लावून रवा चिकटवला. सावनी रोज रात्रीच्या जेवणाआधी येऊन काड्या एका मापाच्या कापून द्यायची. पोरासमोर तांब्या घेतलेली एक बाई उभी केली, नऊवारीतली, विमानाकडे पाठ करून.

जानेवारीत प्रदर्शन भरलं. शंतनूच्या टेबलापाशी माणसं थांबत होती, वाकून पोराकडे बघत होती. पुण्याहून आलेले परीक्षक विमानापाशी थांबले.

"हे अर्धवट आहे," ते म्हणाले. "अस्तरावरच सोडलंय तुम्ही."

"रंग माहीत नाही, सर."

"मग फोटो वगैरे आधार कशाचा घेतलात?"

"नाही कशाचा," शंतनू म्हणाला, आणि त्यांनी कागदावर काहीतरी लिहून पुढचं टेबल गाठलं. संघपाल दुरून बघत होता. त्याने नुसता खांद्यावर हात ठेवला.

चारच्या सुमाराला कालिंदीताई आली. भावाची विमानं बघायला ती कधी येत नसे, या वेळी सावनीनं तिला ओढून आणलं होतं. तिनं पर्समधून चष्मा काढला, वाकली आणि तशीच वाकून राहिली.

"याला मी पाहिलंय," ती हळूच म्हणाली.

"कुणाला?"

"या मुलाला. बांधावर बसला होता, गुडघ्यात डोकं घालून. मी तर विसरूनच गेले होते याला. बाबांनी त्याला विचारलं, चहा आणू का, तर तो रडायलाच लागला. एवढा मोठा मुलगा. आणि त्याला बघून तू पण रडायला लागलास. बाबा म्हणाले, उगीच आणलं याला..."

तिनं शंतनूकडे वळून पाहिलं.

"मी?" शंतनूनं विचारलं.

"हो, तू. बाबांच्या धोतराला धरून."

"ताई, मी घरी होतो. मला गोवर निघाला होता."

"हो की." ताई सरळ उभी राहिली. चष्मा काढून तिनं पदरानं पुसला, परत लावला. "मग रडत कोण होतं?"

"मला काय विचारतेस?"

"तुझाच आवाज होता. तुझं ते हुंदके गिळत रडणं, मी ओळखणार नाही का?" मग तिचा आवाज बारीक झाला. "गोवर त्याच वर्षी होता ना रे?"

"तूच तर सांगितलंस."

"सांगितलं खरं. दार लावलेलं मला दिसतंय ना, आई तुझ्याजवळ बसलेली... आणि तू तिथं रडतोयस ते पण दिसतंय. दोन्ही कसं दिसेल?" सभागृहात माणसं येत-जात होती आणि चौपन्न वर्षांची, सगळ्या घराच्या तारखा आणि तिथ्या पाठ असणारी ताई टेबलाची कड धरून उभी होती. शंतनूला पहिल्यांदाच वाटलं की आपण तिला उगाच या घोळात ओढलं. त्याने तिला खुर्ची आणून दिली. ती बसली नाही.

"मला त्या बाईंना भेटायचंय," ती म्हणाली.

पुढच्या रविवारी दोघं गाडीनं पाचोडला गेली. विमान, शाळू, पोरगा आणि बाई असलेली फळी ताईनं सगळ्या रस्त्यात मांडीवर धरली होती. खड्डा आला की ती श्वास रोखायची. बद्रीनाथ नातेवाइकांकडे लग्नाला गेला होता. लक्ष्मीबाई आणि गोकुळ घरी होते. चहा झाल्यावर ताईनं विचारलंच.

"मावशी, त्या दिवशी गुरुजी आले तेव्हा त्यांच्याबरोबर एक पोरगी होती आणि एक लहान पोरगा पण होता का? रडत होता?"

लक्ष्मीबाईनं मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही. "रडत व्हतं कोणतरी, ते खरं. मला वाटलं तोच रडतोय. लई माणसं व्हती, बाई. अन् मला तर घरी नेलं ना."

"गुरुजी आठवतात?"

"गुर्जी तर व्हतेच. गुर्जी कुठं नसायचे?"

ताई आणि शंतनूनं एकमेकांकडे पाहिलं. याच्यापलीकडे विचारायला काही उरलं नव्हतं आणि विचारायला दुसरं कुणी उरलं नव्हतं. ताईला अचानक हसू आलं. ते बघून शंतनूही हसला, आणि दोघं कशाला हसतायत ते गोकुळला कळेना.

मग शंतनूनं फळी बाजेवर ठेवली. लक्ष्मीबाई वाकली. विमानावरून तिची नजर सरळ निघून गेली आणि पोरावर थांबली. तिनं बोट पुढे नेलं, पण लावलं नाही.

"असाच," ती म्हणाली. "असाच वाकला व्हता, बाबा." नंतर तिनं तांब्यावाल्या बाईकडे बोट केलं. "अन् ही कोण? मी?"

"हो, तुम्हीच."

"एवढी बारीक नव्हते मी."

"मी फोटो कुठून आणणार होतो," शंतनू ओशाळून म्हणाला.

"तसं न्हाय. मला पाचवा म्हैना व्हता. म्हून तर सासू तिथं थांबू देईना. पोटुशी बाई अन् असलं इपरीत बघू नये म्हनली."

गोकुळ पुढे सरकला. "कोणाच्या येळंला, आये?"

"तुज्या. दुसऱ्या कोणाच्या?"

गोकुळनं बाईकडे पाहिलं, मग पोराकडे, मग शंतनूकडे. "म्हंजी मी बी व्हतो की तिथं!"

"होतास तर," ताई म्हणाली.

शंतनूनं पिशवीतून पुटीची डबी काढली. ज्वारीएवढा गोळा बोटांत मळला, चिमट्यानं उचलला आणि बाईच्या पोटापाशी बसवून ओल्या ब्रशनं कडा सारख्या केल्या.

"अजून जरा," लक्ष्मीबाई वाकून बघत म्हणाली. "ह्यो पोटात व्हता तव्हाच दांडगा व्हता."

त्याने अजून जरा लावलं. गोकुळनं खिशातून फोन काढला आणि बाजेपाशी गुडघे टेकून फोटोची जुळवाजुळव करायला लागला. "आये, हात काढ जरा मधून," तो म्हणाला. "काय बी दिसंना."